पैठणचा वेताळ आणि व्हिक्टोरियन भुतें

त्रैमासिकाच्या वाचकांस हा विषय प्रथमदर्शनीं अस्थानीं वाटण्याचा संभव आहे. सनदा, महजर, करीने, बखरी आणि पोथ्या यांच्या चर्चेसाठीं राखलेल्या पानांत भुताखेतांच्या गोष्टींनीं शिरकाव कां करावा, असें कोणी विचारल्यास त्यास दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, इंग्रजी भाषेंतील भयकथांचा जो अत्यंत कुशल कर्ता मानला जातो, तो माँटेग्यू रोड्स जेम्स (१८६२–१९३६) हा धंद्यानें आपल्याच पंथाचा, म्हणजे हस्तलिखितांचा अभ्यासक होता. केंब्रिज येथील महाविद्यालयांतल्या जुन्या पोथ्यांच्या वर्णनात्मक याद्या त्यानें एकामागून एक तयार केल्या. फिट्झविल्यम संग्रहालयाचा तो संचालक होता. आणि १९०४ सालच्या आपल्या पहिल्या कथासंग्रहाच्या नांवांतच तो स्वतःस पुराणवस्तूंचा शोधक म्हणवितो. दुसरें उत्तर आम्हां गोदातीरच्या लोकांस अधिक जवळचें आहे. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींत, १८७० सालीं, रिचर्ड बर्टन यानें 'विक्रम आणि व्हँपायर' या अर्थाच्या नांवाचें जें पुस्तक लंडनांत प्रसिद्ध केलें, त्याचें मूळ शोधीत गेल्यास आपण सोमदेवाच्या कथासरित्सागरापाशीं येऊन पोहोंचतों; आणि तेथें ही कथा ज्या राजाची सांगितली आहे तो उज्जयिनीचा नसून गोदावरीतीरच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आमच्या पैठणचा आहे. प्रस्तुत लेखकाचें बिडकीन हें गांव त्याच पैठण तालुक्यांत मोडतें. तेव्हां घरची वस्तु परदेशांत जाऊन कोणत्या रूपानें परत आली याची चौकशी करण्याचा आम्हांस थोडा अधिकार आहे, असें समजून हा लेख लिहिला आहे.

आपल्या वाङ्मयांत भयकथा नव्हती, ती इंग्रजी वाचनाबरोबर आली, असें सर्रास म्हटलें जातें. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्यासारख्या कथाकारांनीं हा प्रकार मराठींत लोकप्रिय केला आणि त्यांच्या मागें इंग्रजी वाचनाचा मोठा साठा होता, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण 'नव्हती' हा शब्द फार मोठा आहे. भूत होतें, स्मशान होतें, भयानक नांवाचा रसही गणलेला होता. मग नव्हतें तें नक्की काय, हें पाहिल्यावांचून असा निकाल देऊं नये.

प्रथम इंग्रजी कथेकडे पाहूं. १८५५ सालीं वृत्तपत्रांवरील मुद्रांक आणि १८६१ सालीं कागदावरील कर उठल्यावर तिकडे नियतकालिकांचें पीक आलें आणि नाताळच्या अंकांत भुताची गोष्ट असणें हा जवळजवळ रिवाज झाला. त्या हंगामांत पुष्कळ भुसाही निघाला. त्याच्याविषयीं येथें बोलावयाचें कारण नाहीं. परंतु जें धान्य निघालें त्यांत चार्ल्स डिकन्सची १८६६ सालची सिग्नलवाल्याची गोष्ट आहे. तिच्यांत पडका वाडा नाहीं, वडाचें झाड नाहीं, मध्यरात्रीचे टोलेही नाहींत. खोल खोदलेल्या रेल्वेमार्गाच्या तळाशीं एक चौकी, एक बोगदा, बोगद्याच्या तोंडाशीं तांबडा दिवा, आणि तारायंत्राच्या घंटेकडे कान लावून बसलेला एक शहाणा, नियमानें वागणारा नोकर, एवढेंच साहित्य. निवेदक वरून त्यास हांक मारतो. तो वर न पाहतां बोगद्याच्या बाजूस वळून पाहतो. सगळी कथा या एका मान वळविण्यांत आहे. कारण तीच हांक त्यानें पूर्वीं एका आकृतीच्या तोंडून ऐकली होती, आणि ती आकृति दोनदां दिसली त्या दोन्ही वेळां तिच्यामागून मृत्यु आला होता. तिसऱ्या वेळीं मरतो तो स्वतःच. आणि ज्या इंजिनाखालीं तो सांपडला त्याच्या चालकानें त्यास सावध करण्यासाठीं तेच शब्द उच्चारिलेले असतात.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. वाचकास भय वाटतें तें आकृतीचें नव्हे. त्या आकृतीनें कोणासही इजा केलेली नाहीं. ती इशारा देते, पण तो इशारा कोणत्या संकटाचा हें कळत नाहीं. ज्याचें सर्व आयुष्य खुणांचा अर्थ लावण्यांत गेलें त्या मनुष्यास एक खूण मिळते आणि तिचा अर्थ लागत नाहीं, या दुःखाचें तें भय आहे. डिकन्स स्वतः ९ जून १८६५ रोजीं स्टेपलहर्स्ट येथील रेल्वे अपघातांतून वांचला होता आणि जखमींची शुश्रूषा त्यानें स्वहस्तें केली होती. ती आठवण या कथेच्या पाठीशीं आहे, हें कोणीही सांगेल. पण कर्त्याचें कौशल्य असें कीं त्यानें अपघाताचें वर्णन जवळजवळ केलेंच नाहीं.

दुसरें साधन कागदपत्रांचें. शेरिडन ले फानू याच्या 'हिरवा चहा' (१८६९) या अर्थाच्या नांवाच्या कथेंत एका धर्मोपदेशकास लाल डोळ्यांचें लहानसें काळें माकड दिसूं लागतें. प्राचीनांच्या धर्मकल्पनांवर ग्रंथ लिहीत असतां रात्रीं जागण्यासाठीं तो हिरवा चहा पीत असे. माकड प्रथम भाड्याच्या गाडींत दिसतें, मग घरीं येतें, आणि शेवटीं प्रार्थनामंदिरांत तो वाचूं लागला कीं उघड्या पुस्तकावर येऊन बसतें. ही हकीकत आपणांस सरळ मिळत नाहीं. ती एका वैद्याच्या टिपणांतून येते, तीं टिपणें त्याच्या मदतनिसानें लावलेलीं आहेत, आणि मधलीं पत्रें जशींच्या तशीं दिलीं आहेत असें तो सांगतो. बखरींच्या आरंभीं 'साहेबांनीं आज्ञा केली त्यावरून लिहिलें' अशा धर्तीचा जो मजकूर असतो त्याचेंच हें काम आहे. लेखकाची जबाबदारी एकेक पायरी मागें सरकत जाते आणि मजकुराची विश्वसनीयता तितकीच वाढते. ज्या समाजांत १८८२ सालीं भुताटकीच्या साक्षी तपासण्यासाठीं विद्वानांनीं रीतसर मंडळी स्थापन केली, त्या समाजास अशा साक्षीपुराव्याची गोडी असणें स्वाभाविक होतें. त्याच वर्षीं इजिप्तच्या उत्खननासाठीं निधि उभारणाऱ्यांत अमेलिया एडवर्ड्स ही पुढें होती. आणि तिनेंच १८६४ सालीं प्रेतांनीं भरलेल्या टपालगाडीची ती प्रसिद्ध गोष्ट लिहिली होती. जुन्या वस्तूंचा नाद आणि भुतांची गोष्ट हीं दोन्हीं एकाच हातांत असावींत हा निव्वळ योगायोग दिसत नाहीं.

जेम्सनें हीं दोन्ही साधनें एकत्र केलीं. त्याचा संग्रह व्हिक्टोरियाच्या मृत्यूनंतर निघाला असला तरी त्यांतील पहिली कथा त्यानें १८९३ सालींच मित्रमंडळींत वाचून दाखविली होती. तिचा नायक डेनिस्टन हा फ्रान्समधील एका जुन्या देवळाचीं टिपणें घेण्यास जातो. देवळाचा वृद्ध सेवक सारखा मागें वळून पाहत असतो. संध्याकाळीं तो घरांतून एक बाड काढतो; पूर्वींच्या एका धर्माधिकाऱ्यानें देवळाच्या ग्रंथसंग्रहांतील अमोल पोथ्यांचीं पानें कापून तें चिकटविलेलें असतें. किंमत अडीचशें फ्रँक, म्हणजे कांहींच नाहीं. आपल्या वाचकांपैकीं ज्यानें ज्यानें कधीं एखाद्या वाड्यांतून पोथ्यांचा गठ्ठा कवडीमोलानें उचलला आहे, त्यास या जागीं डेनिस्टनच्या छातींत काय झालें असेल हें सांगावयास नको. विकणारा घासाघीस करीत नाहीं, उलट सुटका झाल्यासारखा दिसतो. यांतच सर्व आलें. रात्रीं खोलींत बाड चाळीत असतां त्याच्या डाव्या कोपराशीं कांहीं तरी पडलेलें दिसतें. लेखणी पुसण्याचा बोळा? उंदीर? मोठा कोळी? मन एकेक ओळखीचें नांव पुढें करतें आणि प्रत्येक नांव गळून पडतें. सर्व नांवें संपलीं म्हणजे जें उरतें तो हात असतो. भय निर्माण करण्याची याहून काटकसरीची रीत आमच्या वाचनांत नाहीं. कथेच्या शेवटीं डेनिस्टन त्या बाडांतील चित्राचें छायाचित्र काढवितो आणि मूळ चित्र जाळून टाकतो. आपल्यांतील कित्येक संग्राहकांस अंगावर खरा कांटा येथेंच येईल.

जेम्सनें पुढें आपली रीत सांगतांना दोन गोष्टींवर भर दिला आहे. वातावरण असावें आणि चढ हळूहळू असावा. माणसें प्रथम आपापल्या उद्योगांत निश्चिंत दिसावींत; काळ अगदीं आजचा नसावा, पण बापआजांच्या आठवणीपलीकडचाही नसावा. हें सर्व ठीक. पण ही रीत यशस्वी व्हावयास एक गोष्ट मुळांत लागते, ती म्हणजे भुतावर विश्वास नसलेला वाचक. नांवें गळून पडण्याचें भय त्यालाच वाटतें, ज्याच्या नांवांच्या यादींत भुताचें नांव नाहीं.

आमच्याकडे ती यादी भरगच्च होती. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन हे २१ डिसेंबर १९०९ रोजीं मारले गेले, त्यापूर्वीं त्यांनीं मुंबई इलाख्यांतील शाळामास्तरांकडे प्रश्न पाठवून लोकसमजुतींची माहिती जमविली होती. ती पुढें एंथोवेन यांनीं प्रसिद्ध केली. एका निवृत्त मास्तरास त्या पानांवर गांवोगांवच्या मास्तरांचे उल्लेख पाहून विशेष आपलेपणा वाटतो. (मराठवाडा त्या वेळीं निजामाच्या अमलांत असल्यामुळें आमच्या पूर्वसूरींस कोणी प्रश्न विचारले नाहींत.) त्या माहितींत काय दिसतें? मुंज होऊन सोडमुंजीपूर्वीं मेलेला तो मुंजा, तो पिंपळावर. बाळंतपणांत गेली ती हडळ. द्रव्याची वासना राहिलेला ब्राह्मण तो समंध. याशिवाय खवीस, झोटिंग, गिऱ्हा, चकवा. प्रत्येकाची जात, झाड, भूक आणि उतारा ठरलेला. ही भुतांची शिरगणतीच आहे. ज्याचें नांव, पत्ता आणि मागणें माहीत आहे त्याच्याशीं व्यवहार करतां येतो. आणि जेथें व्यवहार आला तेथें अंगारा, नारळ आणि कोंबडें यांनीं काम भागतें. भीति असते, पण ती साप-विंचवाच्या भीतीच्या जातीची असते. म्हणूनच आमच्या पैठणच्या नाथांस भुताचें भारूड रचतां आलें आणि त्या भुताच्या जागीं प्रत्यक्ष पांडुरंगास उभें करतां आलें. समर्थांनींही एका पदांत रामास भूत म्हटलें आहे. श्रोते हंसतात, डोलतात. डिकन्सच्या श्रोत्यांपुढें असें करून पाहिलें असतें तर कथाही गेली असती आणि भक्तीही.

आतां शास्त्राकडे वळूं. भरतानें भयानकाचे विभाव सांगितले आहेत: विकृत शब्द, पिशाच्चादिकांचें दर्शन, कोल्हीं-घुबडें, शून्य घर, अरण्य, स्वजनांचा वध किंवा बंधन. ही यादी एखाद्या इंग्रज संपादकानें नाताळच्या अंकासाठीं केली असती तरी फारशी निराळी झाली नसती. पण पुढें भरत म्हणतो कीं हा रस स्त्रिया आणि नीच प्रकृतीचीं पात्रें यांचा. उत्तम पुरुषानें गुरु किंवा राजा यांच्यापुढें भय दाखविलें तर तें कृतक समजावें. मुख्य अडचण येथें आहे. नायकास भ्यावयाची परवानगी नाहीं. अभिनवगुप्तासारखा सूक्ष्मदर्शी पुरुष रसप्रक्रिया समजावून देतांना भयाचें उदाहरण घेतो तें शाकुंतलाच्या पहिल्या अंकांतील, दुष्यंताच्या रथापुढें पळणाऱ्या हरिणाचें. त्याचें विवेचन अप्रतिम आहे. तें हरिण अमुक एक नव्हे, भिवविणाराही खरा नव्हे. त्यामुळें भय देशकालांतून सुटें होऊन प्रेक्षकाच्या हृदयांत शिरतें. 'मी भ्यालों' किंवा 'तो भ्याला' असें त्या भयाचें रूप राहत नाहीं. व्हिक्टोरियन कथाकारांच्या सर्व युक्त्यांचें तत्त्व या एका विचारांत सांपडतें. पण उदाहरण शेवटीं हरिणाचेंच. मनुष्य नायक भ्यालेला हवा तर शास्त्रकारांपाशीं तो नाहीं.

परिणाम मालतीमाधवाच्या पांचव्या अंकांत दिसतो. विदर्भांतील पद्मपूरचा भवभूति हा आपल्याच प्रांताचा महाकवि; त्याच्याविषयीं वेडेंवांकडें लिहितांना हात अडखळतो. माधव मध्यरात्रीं स्मशानांत मांस विकावयास उभा आहे, पिशाच्चें त्याला वेढून आहेत, आणि कवीचा शब्दप्रपात सुरू होतो. दांत, आंतडीं, जळतीं मुखें, हाडें चघळण्याचे आवाज, सर्व एकाच वेळीं, आणि समासांच्या गडगडाटासह. श्लोक पाठ करावे असे आहेत. मीं विद्यार्थ्यांकडून ते करवून घेतले आहेत. पण तेथें भय नाहीं. तेथें बीभत्स आहे आणि नायकाचें धैर्य आहे. जेथें सर्व कांहीं दिसतें तेथें भ्यावयास उरतें काय?

मग सोमदेवानें निराळें काय केलें? काश्मीरच्या अनंत राजाची राणी सूर्यवती हिच्यासाठीं अकराव्या शतकांत त्यानें हा ग्रंथ रचला. गुणाढ्याच्या पैशाची बृहत्कथेचा तो सार आहे असें तो म्हणतो. आणि पैठणच्या सातवाहनांशीं जोडलेला तो गुणाढ्य पिशाच्चांच्याच भाषेंत कथा लिहितो, ही आख्यायिका प्रस्तुत विषयास फारच अनुकूल आहे. तथापि मोहांत पडूं नये. बुधस्वामीच्या बृहत्कथाश्लोकसंग्रहांत वेतालकथा आढळत नाहींत; क्षेमेंद्र आणि सोमदेव या काश्मीरी कवींतच त्या आहेत. सबब त्या मूळ बृहत्कथेंतल्या असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. पैठणचें नांव मात्र सोमदेवानें स्पष्ट घातलें आहे.

त्याची रचना अशी. त्रिविक्रमसेन राजाच्या दरबारांत क्षांतिशील नांवाचा एक भिक्षु रोज येतो आणि एक फळ देतो. राजा तें कोशाध्यक्षाच्या हवालीं करतो. असें दहा वर्षें चालतें. एके दिवशीं रक्षकांच्या हातून सुटलेलें पाळीव माकड तेथें येतें, राजा सहज तें फळ त्याला देतो, फळ फुटतें, आंतून रत्न पडतें. कोशाध्यक्षास विचारतां तो सांगतो कीं मी तीं फळें न पाहतां खिडकींतून भांडारांत टाकीत असें. दार उघडून पाहतात तों फळें कुजून गेलीं आहेत आणि रत्नांची रास चमकत आहे.

वाचकानें येथें थांबावें. अद्याप स्मशान आलेलें नाहीं, रात्रही झालेली नाहीं. दरबारचा व्यवहार चालू आहे. जेम्सच्या भाषेंत माणसें आपापल्या उद्योगांत आहेत. पण कुजलेल्या फळांखालीं साठलेल्या त्या राशीनें मनांत एक गार झुळूक शिरते. दहा वर्षें रोज अमोल वस्तु देणारा आणि कधीं कांहीं न मागणारा हा मनुष्य कोण? त्याला हवें आहे तरी काय? सोमदेव हा प्रश्न उच्चारीत नाहीं.

पुढें भिक्षु आपलें मागणें सांगतो. कृष्ण चतुर्दशीच्या रात्रीं राजानें महास्मशानांतील वडाखालीं यावें. राजा येतो, तेव्हां त्यास दक्षिणेकडे दूर असलेल्या शिंशपा वृक्षावर टांगलेलें एक प्रेत आणण्यास धाडलें जातें. स्मशानाचें वर्णन ठराविक आहे आणि सोमदेव तें लवकर आटोपतो, हें त्याचें शहाणपण. राजा झाडावर चढून फांस कापतो. प्रेत खालीं पडतें आणि लागल्यासारखें ओरडतें. हा जिवंत असेल या कळवळ्यानें राजा खालीं उतरून त्याचें अंग चोळूं लागतो. तेव्हां तें प्रेत खदखदून हंसतें.

या चार वाक्यांइतक्या मजकुरास जोड मिळणें कठीण. कारण भिवविण्यासाठीं येथें दयेचा उपयोग केला आहे. राजा शूर आहे म्हणून भीत नाहीं. शास्त्राची आज्ञा मोडली नाहीं. पण वाचकाचा हात राजाच्या हाताबरोबर त्या थंड अंगावर फिरत असतो, आणि हंसणें ऐकूं येतें तेव्हां तो मागें घ्यावयास उशीर झालेला असतो. अभिनवगुप्तानें हरिणाऐवजीं हें उदाहरण घ्यावयास हवें होतें, असें म्हणावेंसें वाटतें. पण तो सोमदेवापूर्वीं होऊन गेला. राजा विचारतो, 'हंसतोस कां? चल, जाऊं.' तो बोलला एवढ्यानें प्रेत पुन्हां झाडावर. येथून मौनाचा नियम लागू होतो. वाटेंत वेताळ गोष्ट सांगून प्रश्न करतो. उत्तर माहीत असून न दिल्यास डोकें फुटेल, आणि दिल्यास मौन मोडून प्रेत परत जाईल. मधल्या कथा भयाच्या नाहींत; त्या न्यायाच्या आणि चातुर्याच्या आहेत, आणि खरें सांगावयाचें तर कांहीं बऱ्याच लांबलेल्या आहेत. परंतु प्रत्येक उत्तरानंतर तीच वाट, तोच वृक्ष, तेंच ओझें. रात्र एकच आहे आणि ती संपत नाहीं. सिग्नलवाल्याची एकच हांक वारंवार येते. येथें एकच फेरी पुनःपुन्हां होते. चोविसाव्या प्रश्नास राजापाशीं उत्तर नाहीं, तो गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यानेंच वेताळ प्रसन्न होतो. मग तो खरी गोष्ट सांगतो: हा भिक्षु तुझाच बळी देणार आहे; तो तुला साष्टांग नमस्कार घालावयास सांगेल, तेव्हां म्हण, मला येत नाहीं, तूं करून दाखव.

अनेक वर्षांपूर्वीं आठवीच्या वर्गांत मी ही कथा सांगत असतां मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, 'गुरुजी, मग भूत कोणतें? झाडावरचें कीं फळ आणणारें?' तेव्हां मीं त्यास हंसून उडवून लावलें. आज मला वाटतें कीं या कथेवर झालेल्या टीकेपैकीं इतकी नेमकी टीका मीं वाचलेली नाहीं. इंग्रजी कथेंत मेलेला जिवंताच्या वाटेस जातो, आणि भय अज्ञाताचें असतें. पैठणच्या कथेंत मेलेला ज्ञात आहे. त्याचें नांव वेताळ, त्याचें घर झाड, आणि तो शेवटीं उपकार करतो. कोंकण-गोव्यांत लोलये, आमोणे येथें वेताळ ग्रामदेव आहे, देशावर तो शेंदूर फांसलेला राखणदार आहे. लोकांस हें पूर्वींपासून ठाऊक होतें. भय आहे तें जिवंत माणसाचें, आणि तें मागें वळून पाहिल्यावर वाटतें. रोज दिलेल्या एकेका फळाचा अर्थ दहा वर्षांनीं लागतो. भुतांची नांवें गळून पडण्याची युक्ति ज्या समाजांत चालण्यासारखी नव्हती, तेथें कर्त्यानें भुताच्या जागीं एका नम्र, मितभाषी भिक्षूस बसविलें. भयकथा आपल्याकडे नव्हती असें म्हणणाऱ्यांनीं ती चुकीच्या झाडावर शोधली.

बर्टनच्या हातीं काय लागलें तें आतां थोडक्यांत. जयपुरास सुरत कवीश्वरानें केलेल्या व्रजभाषेंतील ग्रंथावरून कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेजांत १८०५ सालीं बैताल पचीशी तयार झाली, आणि ती परंपरा बर्टनपर्यंत गेली. या प्रवासांत राजा विक्रम झाला आणि पैठण सुटलें. बर्टन मुंबईच्या फौजेंत होता, मराठीचीही परीक्षा उतरला होता. पण त्यानें वेताळास युरोपांतील रक्तपिपासूचें नांव दिलें. शिवाय त्यानें वेताळाचें वर्णन केलें: डोळ्यांचा रंग, केंसांचा रंग, वटवाघळासारखें उलटें लोंबणें, बरगड्या, आणि बकरीच्या शेंपटीसारखें हलणारें शेंपूट! सोमदेव 'प्रेत' म्हणून थांबला होता. त्यापुढें बर्टनचा वेताळ इतका वाचाळ आणि थट्टेखोर आहे कीं राजाच्या खांद्यावर कोणी विलायती क्लबांतला गृहस्थ बसला आहे असें वाटावें. पुस्तक मजेदार आहे. त्यांत अकराच कथा आहेत हेंही बरें झालें. पण ज्या काळांत भयकथेचें तंत्र इंग्रजांनीं पूर्णत्वास नेलें, त्याच काळांत त्यांच्यापैकीं एकाच्या हातीं ही कथा पडली आणि त्यानें तिच्यांतील भय नेमकें वगळलें, ही चमत्कारिक गोष्ट खरी. मराठींत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची वेताळपंचविशी १८३० सालीं आली. पुढें 'चांदोबा' मासिकानें तर हा राजा घरोघर नेला; के. सी. शिवशंकरन (१९२४–२०२०) यांनीं काढलेलें, खांद्यावर प्रेत घेऊन तरवारीनिशीं चालणाऱ्या राजाचें चित्र माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढून हललेलें नाहीं. त्या चित्रांत भिक्षु नाहीं.

या भिक्षूविषयीं मी इतक्या आग्रहानें कां लिहितों, त्यास एक खाजगी कारण आहे आणि तें संग्राहकांच्या उपयोगाचें असल्यामुळें येथें देतों. कांहीं वर्षांपूर्वीं एक गृहस्थ माझ्याकडे येऊं लागले. दर आठवड्यास येत आणि एखादें जुनें पान ठेवून जात. कधीं पोथीचें, कधीं मोडी कागदाचें. 'आपण जाणते, आपल्याजवळ असूं द्या' एवढेंच बोलत. मोबदला घेत नसत. मोडी अक्षर आपणांस मुळींच लागत नाहीं, असें त्यांनीं आरंभींच सांगितलें होतें. वर्षभर असें चाललें. मीही त्या कोशाध्यक्षाप्रमाणें पानें पेटींत टाकीत गेलों. बिडकीनच्या आसपास औद्योगिक वसाहतीमुळें जमिनींचे भाव चढले होते, तरी त्याचा आणि या पानांचा संबंध माझ्या ध्यानांत आला नाहीं. मग एके दिवशीं त्यांनीं एक इनामाची सनद आणली आणि ती अस्सल असल्याबद्दल चार ओळी लिहून सही करण्याची विनंति केली. कागद जुना होता. शाईनें मात्र मन घेईना. तथापि वर्षाचें मिंधेपण खांद्यावर होतें, आणि माझ्या हातांत लेखणी आली होती, हें मी कबूल करतों. त्या वेळीं काय आठवलें असेल तें वाचकांनीं ओळखलेंच असेल. मीं म्हटलें, 'माझी दृष्टि आतां अधू झाली आहे, आपणच जरा वाचून दाखवा.' बोलण्याच्या ओघांत त्यांनीं कागद हातीं घेतला आणि वाचूं लागले. मोडी न येणारा मनुष्य घडघडा वाचीत होता. पण तेवढ्यानें मला भय वाटलें नाहीं. बिघ्यांचा आंकडा जेथें असावयाचा तेथें कागदास कसर लागून आरपार भोंक पडलें होतें. आणि ते तेथें न थांबतां आंकडा वाचून पुढें गेले.

मीं सही केली नाहीं. ते पुन्हां आले नाहींत. पेटींतील पानें मीं एकेक काढून पुन्हां तपासलीं. बहुतेक खरीं निघालीं, आणि त्याचेंच मला अधिक आश्चर्य वाटतें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. वेताळपंचविशीच्या मराठी पोथ्या आपल्या दप्तरांत अनेकांकडे असतील. त्या बालबोध कथा म्हणून याद्यांत एका ओळींत उरकल्या जातात. त्यांचीं पहिलीं दोन-तीन पानें पाहून इतकें कळवावें: राजा पैठणचा आहे कीं उज्जयिनीचा, फळ आणणारा भिक्षु आहे, जोगी आहे कीं व्यापारी, आणि फळें किती वर्षें आणल्याचें लिहिलें आहे. पैठणचें नांव राखणारी एखादी पोथी निघाल्यास ती कोणत्या गांवची व कोणाच्या हातची, हेंही लिहावें. आरंभाचीं पानेंच बहुधा गहाळ असतात याची मला कल्पना आहे. तशा पोथींत शेवटचा नमस्काराचा प्रसंग पाहिला तरी चालेल, कारण 'तूं करून दाखव' हे शब्द राजास कोण शिकवितो यावरूनही शाखा ओळखतां येईल.